आरओ बसवलं, फोटो काढले, आठ महिन्यांत बंद पडलं. आता शाळेसाठी कुणाकडे जायचं आणि काय मागायचं?

नेरूळची आई

नमस्कार. मी नेरूळला राहते, घरीच ब्लाउज-ड्रेस शिवते. मिस्टर कांदा-बटाटा मार्केटला माथाडी आहेत. मुलगी पाचवीत, मुलगा दुसरीत, दोघंही महापालिकेच्या शाळेत, दुपारच्या वेळेला. जुलैत पालकसभा झाली, त्यात मला शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष केलं. केलंच आहे तर नुसतं सहीपुरतं राहायचं नाही, असं मी मनाशी ठरवलंय.

सुरुवात पाण्याच्या बाटलीपासून झाली. लेकीला दुपारी भरून दिलेली बाटली संध्याकाळी तशीच गळ्यापर्यंत भरलेली घरी यायची. डोकं दुखतं म्हणायची. मी रागावले, तर म्हणाली, "आई, पाणी प्यायलं की मग जावं लागतं." शाळेत मुलींना तीन संडास आहेत. एकाची कडी तुटलीय, म्हणून मुली जोडीनं जातात. एक आत, दुसरी बाहेरून दार ओढून धरते. दुसऱ्याचा नळ कोरडा. तिसऱ्याला कुलूप असतं. हे सगळं तिनं इतक्या साधेपणानं सांगितलं, की मला रात्रभर झोप लागली नाही.

मग मोठ्या सरांना विचारून मी चार दिवस मधल्या सुट्टीत शाळेत जाऊन बसले. जिन्याखाली आरओचं मशीन आहे. एका कंपनीनं बसवून दिलं होतं. तेव्हा मंडप घातला, नारळ फोडला, फोटो काढले. मी पण टाळ्या वाजवल्या होत्या. आठ महिन्यांनी ते बंद पडलं. आता त्याच्या तोटीला फडकं गुंडाळलंय आणि जुना फळा त्याला टेकवून ठेवलाय. कंपनीला फोन केला, तर म्हणाले मशीन शाळेच्या ताब्यात दिलं. वॉर्डात विचारलं, तर म्हणाले ते आमच्या यादीत नाही. फिल्टर बदलायचे सहा हजार सांगतात. ते कोण देणार?

आणखी एक. निम्मी मुलं घरून न खाता येतात, कारण आया सकाळी सहाला दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटायला जातात. शाळेत जेवण मिळेपर्यंत पोरं गेटवरच्या टपरीवरून पाच रुपयांची पाकिटं घेऊन खातात.

मदत करायला माणसं तयार आहेत, हे मी नाकारत नाही. आमचं गणेश मंडळ दप्तरं देतो म्हणतंय. जवळच्या सोसायटीला वाढदिवसाला मुलांना केक वाटायचाय. एका खासगी हॉस्पिटलला आरोग्य शिबिर घ्यायचंय, त्यांचे दोन फोन येऊन गेले. मोठे सर चांगले आहेत, पण कुठलंही नाव काढलं की म्हणतात, "वरून परवानगी लागेल, ताई."

मला विचारायचंय ते असं. सगळ्यांना हो म्हणायचं का? आधी कुणाकडे जायचं? आणि जे सुरू होईल ते माझी मुलं शाळेतून बाहेर पडल्यावरही चालू कसं राहील? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी नीट सांगा. मी लिहून घेणार आहे.

---

किसननगरच्या बाई

ताई, तुमचं वाचून मी चष्मा काढून दोन मिनिटं बसले. मी ठाण्यात, वागळे इस्टेटच्या पट्ट्यात, महापालिकेच्या शाळांमध्ये एकतीस वर्षं शिकवलं. शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापक होते. दार ओढून धरणारी मुलगी मी रोज बघितली आहे. तुम्ही लिहून घेणार म्हणालात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शिबिराचं आधी सांगते, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली. आमच्याकडे एका दवाखान्यानं असंच शिबिर घेतलं होतं. एका दिवसात सगळी शाळा तपासली. प्रत्येक मुलाचं पिवळं कार्ड झालं, बिस्किटं वाटली, आभार मानले. कार्डांचे गठ्ठे वर्गवार बांधून मी माझ्या कपाटात ठेवले. त्या वर्षी चौथीत एक मुलगा होता. पहिल्या बाकावर बसूनही शेजारच्याच्या वहीतून उतरवायचा. त्याला दोनदा उभं केलं होतं, मीच. मे महिन्यात कपाट आवरताना त्याचं कार्ड हाती लागलं. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं, "डोळे तपासून घ्यावेत." ते कार्ड अकरा महिने माझ्याच कपाटात होतं. मूल फळा न दिसता वर्षभर बसलं, आणि आम्ही मात्र शिबिराचा अहवाल वर पाठवून मोकळे झालो.

तेव्हापासून मदत घेऊन कुणीही आलं, की मी एकच विचारायची: तुम्ही गेल्यावर दुसऱ्या दिवशी हे काम कोण करणार? उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आलं तर बसा, चहा घ्या. नाव आलं नाही तर नमस्कार. तुम्हीही हॉस्पिटलला सरळ विचारा. ज्या मुलांना पुढे पाठवायचं निघेल, त्यांना तारीख कोण देणार, फी लागणार का, आणि यादी कुणाकडे राहणार. हे लिहून देत असतील तर शिबिर जरूर घ्या.

आम्ही पुढे काय केलं ते सांगते. एक साधी दोनशे पानी वही केली. मुलाचं नाव, काय सांगितलं, आणि तिसरा रकाना "कोण घेऊन जाणार". हा तिसरा रकानाच सगळ्यात अवघड. आईनं मुलाला दवाखान्यात न्यायचं म्हणजे तिचा एका दिवसाचा रोज बुडतो, आणि ती चार घरची कामं करत असेल तर चार ठिकाणी बोलणी खाते. म्हणून जवळच्या कॉलेजात गेले आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या प्राध्यापकांना भेटले. त्या मुलांना वर्षाला १२० तास काम करायचंच असतं. एरवी रॅली काढतात, झाडं लावतात. आम्ही त्यांना सांगितलं, आमच्या पाच मुलांना आईच्या चिठ्ठीसह दवाखान्यात न्या आणि परत आणून सोडा. सोबत आमची एक शिक्षिका किंवा एक पालक असायचाच, कॉलेजच्या मुलांबरोबर एकटं मूल कधीच पाठवलं नाही. हे कॉलेजबरोबरचं काम माझ्या निवृत्तीपर्यंत चाललं.

नजर तपासायला तर डॉक्टरसुद्धा लागत नाही. भिंतीवर ई चार्ट लावायचा, सहा मीटरवर मुलाला उभं करायचं, एक डोळा हातानं झाकायचा (दाबायचा नाही), आणि ई चं तोंड कुणीकडे आहे ते बोटांनी दाखवायला सांगायचं. अक्षर न येणारं मूलही ते दाखवतं. आमच्या व्हरांड्यात सुतळीनं सहा मीटर मोजून फरशीवर लाल रंगाची रेघ मारली होती. जून संपेपर्यंत प्रत्येक वर्ग त्या रेघेवर उभा राहून जायचा. ज्याला अडखळतंय तेवढंच मूल डोळ्यांच्या डॉक्टरकडे. बाजारातल्या एका चष्म्याच्या दुकानदाराला शाळेत आणून मी ती रेघ दाखवली. त्यानंतर आम्ही पाठवलेल्या मुलांना तो फ्रेम खरेदीच्या भावानं द्यायचा, कुठेही नाव न लावता.

आता मोठ्या सरांच्या परवानगीचं. सरांवर रागावू नका. काही झालं तर कागद त्यांनाच दाखवावा लागतो. पण तुमच्या हातात किती आहे ते बघा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम २१ नुसार तुमची शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात पाऊण सभासद पालक हवेत आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका हव्यात. कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा करायचं काम समितीचं आहे. म्हणून जे हवं ते आधी आराखड्यात घाला, समितीच्या सभेत ठराव करा, इतिवृत्तात लिहा, सह्या घ्या. मग सर वर पत्र पाठवतील ते "समितीच्या ठरावानुसार" असं. एकट्या मुख्याध्यापकाला जे जड जातं, ते त्या दोन शब्दांनी हलकं होतं. माझा अनुभव आहे.

आणि सगळ्यात आधी कुणाकडे जायचं? गेटवर उभ्या असलेल्या पालकांकडे. मी हे फार उशिरा शिकले. मी वर्षानुवर्षं कंपन्यांना पत्रं लिहीत होते, आणि माझ्याच शाळेच्या गेटवर रोज सकाळी प्लंबर, गवंडी, वायरमन, सुतार, रंगारी मुलांना सोडून पुढे नाक्यावर जात होते. घोडबंदर रोडच्या टॉवरमधले नळ दुरुस्त करणारा माणूस आमच्या तिसरीतल्या मुलीचा बाप होता, आणि त्याच मुलीच्या शाळेतला नळ दोन महिने गळत होता! कारण त्याला कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही पालकांना फक्त सही आणि आधार कार्डाची झेरॉक्स मागायचो. प्रवेशाच्या फॉर्मवर "पालकाचा व्यवसाय" असा रकाना असतो. तो एकदा बसून वाचून काढा, ताई. तुमची अर्धी यादी तिथेच तयार होईल.

सभा मात्र कामाच्या दिवशी अकरा वाजता ठेवू नका. आम्ही रविवारी संध्याकाळी सहाला ठेवायला लागलो तेव्हा मुलांचे वडीलही यायला लागले.

आधी कडी बसवा. पाण्याच्याही आधी.

---

आरोग्यसेविका, नवी मुंबई

बाईंनी शिबिराचं लिहिलं ते खरंय. मी नागरी आरोग्य केंद्रात आहे, शाळा माझ्याकडे आहेत, म्हणून थोडं लिहिते.

ताई, खासगी हॉस्पिटलच्या आधी तुमच्या केंद्रात या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याची सुरुवात झाली ती पालघरला, तेव्हा पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि वाढीतली दिरंगाई, या चार गोष्टी त्यात बघतात. शाळेतली तपासणी वर्षातून एकदा आणि पुढचे उपचारही त्यातच, मोफत. तपासणीची तारीख मोठ्या सरांकडून आधी घ्या आणि त्या दिवशी आयांना बोलवा. आई समोर असली की मुलाचं खरं कळतं. "रात्री दात खातो", "माती खातो", हे वर्गशिक्षिकेला कसं माहीत असणार?

१० फेब्रुवारीला जंतनाशक गोळी असते. गैरहजर मुलांसाठी नंतर पुन्हा एक दिवस ठेवतात, तो चुकवू देऊ नका. लोहाची गोळी आठवड्यातून एक, लहान मुलांना गुलाबी आणि दहा वर्षांवरच्यांना निळी. कृपा करून ती उपाशीपोटी देऊ देऊ नका. तुमच्याकडे निम्मी मुलं न खाता येतात म्हणता, तर शाळेतल्या जेवणानंतरच द्यायला सांगा. उपाशीपोटी घेतली की मळमळतं, एक मूल ओकलं की वर्गातली वीस मुलं गोळी बाकाखाली टाकतात. मी बाकाखालून गोळ्या वेचल्या आहेत. शी काळी होते, तेही आयांना आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या घाबरून गोळी बंद करतात. एकदा सांगितलं की सगळ्या समजून घेतात.

पाण्याचं. नेरूळला येणारं मोरबे धरणाचं पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन येतं. बिघडतं ते बहुतेक करून आपल्या गच्चीवरच्या टाकीत. झाकण उघडं, तळाला गाळ, पक्ष्यांची पिसं. म्हणून मशीनच्या मागे लागायच्या आधी टाकी कधी धुतली ते विचारा. पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची ओटी टेस्ट आमच्याकडे असते. लहान नळीत शाळेच्या नळाचं पाणी घ्यायचं, टेस्टच्या औषधाचे दोन-चार थेंब टाकायचे, पिवळी छटा आली की क्लोरीन आहे. नळाच्या टोकाला निदान ०.२ मिलिग्रॅम लिटरमागे मिळायला हवं. पाचवी-सहावीच्या मुलींना ही टेस्ट करता येते. एका शाळेत मी त्यांना शिकवली, त्या दर सोमवारी फळ्याच्या कोपऱ्यात निकाल लिहितात. नळीत रंग आला नाही की शिपायाला त्याच हाक मारतात.

एक गोष्ट मात्र कडक ठेवा. तपासणीचे फोटो नकोत. कुणाच्या अंगावर खरूज, कुणाच्या डोक्यात उवा, कुणाचं वजन कमी, ते बॅनरवर जाता कामा नये. आणि बाहेरची माणसं शाळेत येणार असतील तर शाळेतल्या सखी सावित्री समितीला (मुलांच्या सुरक्षिततेचं बघणारी) सांगून, शिक्षिका सोबत ठेवून.

---

ठाणे-बेलापूर रोडवर नोकरी

मी टीटीसीतल्या, म्हणजे ठाणे-बेलापूर रोडच्या औद्योगिक पट्ट्यातल्या, एका कारखान्यात मेन्टेनन्सला आहे. बारा वर्षं झाली. ताईंच्या शाळेत झालं तसंच आम्ही एका शाळेत केलंय, म्हणून लिहिणं माझं कर्तव्य समजतो. दोन वॉटर कूलर दिले आणि परत वळून बघितलं नाही. एकदा त्या बाजूला गेलो होतो म्हणून डोकावलो, तर दोन्ही कूलरमध्ये शाळेनं खडूचे खोके भरून ठेवले होते. मान खाली घालून परत आलो.

कंपनी कशी चालते ते सांगतो म्हणजे मागताना सोपं जाईल. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्यांची नेटवर्थ (देणी वजा जाता मालमत्ता) ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा नफा ५ कोटींच्या वर आहे, त्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. वर्ष मार्चला संपतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये जी वस्तू घाईनं दारात येते ती बहुतेक वेळा उरलेले पैसे संपवायला येते. ती घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण कागद केल्याशिवाय घेऊ नका. तुमची मागणी डिसेंबर-जानेवारीतच पाठवा, पुढच्या वर्षाचं ठरत असतं तेव्हा.

कागद एका पानाचा पुरतो. वस्तू कोणती, फिल्टर किती महिन्यांनी आणि कुणाच्या पैशानं, बिघडली तर कोणत्या माणसाला फोन, किती दिवसांत येणार, आणि तीन वर्षांनंतर काय. कायद्यात चालू प्रकल्प असा प्रकार आहे, त्यात सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत काम धरता येतं. "देखभालीचे पैसे बसत नाहीत" असं कुणी म्हणालं तर हे दाखवा. मशीन चाळीस हजारांचं घेण्यापेक्षा पंचवीसचं घ्या आणि उरलेले देखभालीला ठेवायला सांगा.

आता बाईंनी पालकांबद्दल लिहिलं ते वाचून मला सुचलं ते. आमचा कारखाना छोटा आहे, या कायद्यात बसत नाही. टीटीसीत असे पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे चेक नाही, पण फिटर आहे, वेल्डर आहे, टूलबॉक्स आहे. आमच्या साहेबांशी मी आजच बोललो. महिन्यातला दुसरा शनिवार, दोन तास, मी आणि एक फिटर. ताईंना चालत असेल तर शाळेच्या सरांकडून पत्र द्या, आम्ही येऊ. ते बंद मशीनही उघडून बघतो. पुष्कळदा फक्त पंप गेलेला असतो.

---

कळव्याचा कार्यकर्ता

गेटवरच्या टपरीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेत आणि गेटपासून ५० मीटरच्या आत मुलांना विकायला मनाई. आम्ही मंडळातर्फे तक्रार केली, गाडी आली, टपरी उचलली. पंधरा दिवसांत दुसरी लागली. तीही उचलायला लावली, मग तिसरी माणसं टोपल्या घेऊन बसायला लागली. मुलांना भूक लागलेली आहे आणि त्यांच्या हातात पाच रुपये आहेत, तोवर कुणीतरी येणारच.

मग आमच्यातल्या दोन वहिनी त्या टपरीवालीकडे गेल्या. तिचीही पोरगी त्याच शाळेत. ती म्हणाली, मला पाकिटामागे काय सुटतं ते मलाच माहीत, मी दुसरं विकीन, पण खपलं नाही तर माझं नुकसान कोण भरणार? वहिनींनी पहिले पंधरा दिवस उरलेला माल घ्यायचं कबूल केलं. उकडलेले शेंगदाणे, कांदा-लिंबू घातलेले उकडलेले हरभरे, पेरूच्या फोडी, हंगामात बोरं. कागदाच्या पुडीत, पाच रुपये. पहिल्या आठवड्यात बरंच उरलं, आम्ही मंडळात बसून खाल्लं. तिसऱ्या आठवड्यात उरायचं बंद झालं. मात्र तिला सांगितलं, माल झाकून ठेव, हात धुऊन दे, पाण्याचा पिंप स्वच्छ ठेव. ती करते.

तंबाखू-गुटख्याला मात्र असली सवलत अजिबात देऊ नका. शाळेपासून १०० यार्डात विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे. तिथं थेट तक्रार.

मंडळ दप्तरं देतंय म्हणालात. आम्हीही आधी दप्तरंच द्यायचो, कारण फोटोत दिसतात. तुमच्या मंडळाला सांगा, तिथी भोजन म्हणून, म्हणजे सण-वाढदिवसानिमित्त, शाळेच्या जेवणात जोड द्या. केळं, अंडं, चिक्की. वाढदिवसाच्या केकवाल्या सोसायटीलाही हेच सांगा. शाळेच्या आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं ठरलेली आहेत, सहावी ते आठवीला ७०० आणि २०. त्याच्यावर एक केळं आलं तर पोर खुश. तारीखवार वही करा, म्हणजे एकाच दिवशी तीन ठिकाणची केळी येणार नाहीत आणि पुढचे वीस दिवस कोरडे जाणार नाहीत.

---

किसननगरच्या बाई

टपरीवालीचं आवडलं. तरी एक सांगते. ५० मीटरच्या आत कुणी बसायचं हे शाळेनं लेखी देऊ नये. तिला माणुसकीनं सांभाळा, पण शाळेच्या कागदावर आणू नका, उद्या मुख्याध्यापक अडचणीत येतील.

आणि बाहेरचं जेवण असेल तर चव घेतल्याशिवाय मुलांना वाढू नका. शाळेत चवीची नोंदवही असते. आमच्याकडे रोज एक आई आळीपाळीनं येऊन शिक्षिकेबरोबर चव घ्यायची आणि सही करायची. एकदा एका आईनं डाळीच्या वासावरून हात वर केला आणि त्या दिवशीचं सगळं परत पाठवलं. ती स्वतः खानावळीत भांडी घासायची. आमच्या नाकांना ते कळलं नव्हतं.

---

नेरूळची आई

सगळ्यांची खूप आभारी आहे. उत्तर द्यायला अडीच महिने लागले, कारण आधी काही करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

बाई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे सरांबरोबर बसून प्रवेशाचे फॉर्म काढले. "पालकाचा व्यवसाय" यात बऱ्याच ठिकाणी नुसतं "मजुरी" लिहिलेलं. मग आम्ही तिघी घरोघर गेलो आणि विचारलं, मजुरी म्हणजे नक्की काय? सात प्लंबर-हेल्पर निघाले, चार लादी बसवणारे, दोन वायरमन, एक जण टाक्याच धुतो! सीवूड्सच्या सोसायट्यांच्या टाक्या धुतो तो, आणि त्याचा मुलगा माझ्या मुलाच्या वर्गात. रविवारी संध्याकाळी सभा ठेवली, बेचाळीस जण आले. मी उभी राहिले तेव्हा पाय कापत होते. दाराचं सांगितलं, एक आत आणि एक बाहेर, एवढंच. मागून एक जण उठला आणि म्हणाला, "उद्या सकाळी येतो." नाव पण मी नंतर विचारलं.

कड्या बसल्या. तिन्ही दारांना, आणि लहान मुलींच्या हाताला लागतील अशा खाली. हे त्यानंच सुचवलं, माझ्या डोक्यातही आलं नसतं. तिसऱ्याचं कुलूप सरांनी स्वतः काढलं. कोरड्या नळाच्या पाइपात प्लास्टिकची पिशवी अडकली होती. टाकी धुताना मी गच्चीवर गेले होते. तळाला दोन बोटं गाळ आणि एक चेंडू.

आरोग्यसेविका ताई केंद्रातून आल्या, मुलींना टेस्ट शिकवून गेल्या. पहिल्या सोमवारी नळीत काहीच रंग आला नाही. मुलींची तोंडं उतरली. टाकी धुतल्यानंतरच्या सोमवारी फिकट पिवळं आलं, तर माझी लेक धावत ऑफिसात नळी घेऊन गेली, अर्धं पाणी सरांच्या टेबलावर. केरळातल्या शाळांत २०१९ पासून पाणी प्यायची वेगळी घंटा वाजते असं बातमीत ऐकलं होतं, ते सरांना सांगितलं. आता दुपारच्या वेळात दोनदा वाजते.

कारखान्यातले भाऊ दोन शनिवार येऊन गेले. पंपच गेला होता. पण त्यांनी सांगितलं, टाकी आणि क्लोरीन नीट असेल तर त्या मशीनवर एवढा खर्च आता करू नका. समितीत आम्ही तसाच ठराव केला. कंपनीला पत्र पाठवलंय, मशीन सुरू करून तीन वर्षांचा कागद द्या, नाहीतर परत न्या, जिन्याखालची जागा मुलांना हात धुवायला हवीय. अजून उत्तर नाही. पुढच्या महिन्यात मी आणि सर स्वतः जाणार आहोत.

हॉस्पिटलला बाईंचे तिन्ही प्रश्न लेखी दिले. त्यांचा फोन परत आला नाही. वाईट वाटलं, पण बाईंच्या कपाटातल्या त्या कार्डाची आठवण ठेवली.

मंडळ महिन्यातून दोन बुधवार केळी देतंय. सोसायटीतल्या एक आजी केकच्या पैशांत चिक्की आणतात आणि स्वतः बसून वाटतात. टपरीचं अजून जमलेलं नाही. ती बाई बोलायलाच तयार नाही, तिला वाटतं आम्ही उठवायला आलोय. कळव्याचे भाऊ, तुमच्या वहिनींपैकी कुणी एकदा नेरूळला येतील का? येण्या-जाण्याचं मी बघते.

परवा लेकीची बाटली रिकामी आली. तळाला घोटभर होतं तेही तिनं माझ्यासमोर पिऊन टाकलं आणि खेळायला गेली.

बाई, व्हरांडा मोजला. भिंतीपासून खांबापर्यंत सात मीटर भरतो. लाल रंग रंगारी पालकानं आणून ठेवलाय. ई चार्ट कुठे मिळेल तेवढं सांगा, आणि रेघेवर मुलाची टाच ठेवायची की बोटं?

---

किसननगरच्या बाई

टाच. चार्ट डोळ्याच्या पातळीला, आणि खिडकीचा उजेड मुलाच्या तोंडावर येणार नाही असा लावा. माझ्याकडे एक जादा आहे, कडा थोड्या फाटल्यात पण अक्षरं स्वच्छ आहेत. गुरुवारी मी नेरूळला बहिणीकडे येणार आहे. शाळा दुपारची म्हणालात ना, तर साडेबारापर्यंत गेटवर पोहोचते. सुतळी आणते.